मोडीत काढण्यापूर्वी

मैत्रिणींनो, सासऱ्यांची किंवा वडिलांची जुनी ट्रंक उघडायची वेळ प्रत्येक घरात कधी ना कधी येतेच. दागिने, कागदपत्रे यांची चौकशी सगळे करतात. लोखंडी वस्तू मात्र "तूच बघ गं काय करायचं ते" म्हणत आपल्या पुढ्यात येऊन पडतात. जंगलखात्यात नोकरी केलेल्यांच्या किंवा स्काउटमध्ये रमलेल्यांच्या घरी कधी कधी अशी एक जोडी सापडते: कातडी म्यानात शेजारी शेजारी बसवलेला चाकू आणि आखूड दांड्याची हातकुऱ्हाड. भंगारवाला ती वजनावर मागतो. माळा मोकळा झाला म्हणून आपणही देऊन टाकतो. पण थोडं थांबा. वस्तू काय आहे हे कळल्याशिवाय तिचं मोल ठरवू नये.

सर्वांत आधी, चिंच नि राख घेऊन घासायला बसू नका! जुन्या पोलादावर चढलेली काळपट झाक म्हणजे मळ नव्हे, ते त्याचं वय आहे. संग्राहक तीच झाक शोधत असतात. बोट फिरवून पाहा. बोटाला लाल भुकटी लागली तर तो गंज. काळेपणा जागचा हलला नाही तर त्याला हात लावायचा नाही. धारवाल्याकडे देणे, पॉलिश पेपर मारणे, कुऱ्हाडीला नवा दांडा बसवणे, या सगळ्याने किंमत उतरते.

मग खुणा वाचा. चाकूची खूण बहुधा मुठीलगत पात्यावर असते, कुऱ्हाडीची पात्याच्या सपाट बाजूवर. अक्षरे पुसट असतील तर विजेरीचा उजेड तिरपा टाका. नाहीतर मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तसं करा. अक्षरे उठून दिसतात. 'शेफील्ड' म्हणजे इंग्लंड, 'सोलिंगेन' म्हणजे जर्मनी. चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेली ही दोन गावे. 'वेस्ट जर्मनी' असेल तर वस्तू १९४९ ते १९९० या काळातली. 'स्टेनलेस' असेल तर ती १९१३ नंतरचीच, कारण शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद त्या वर्षी तयार केले. नाव मात्र पुरते वाचा हं. जोसेफ रॉजर्स आणि विल्यम रॉजर्स ही शेफील्डचीच, पण दोन निरनिराळी नावे आहेत. पहिल्याची खूण चांदणी आणि क्रूस. नुसते 'रॉजर्स' वाचून हुरळून जाऊ नये.

कुऱ्हाडीवर नाव नसेल तर ती गावच्या लोहाराने घडवलेली असू शकेल. पूर्वी अंग साध्या लोखंडाचे करून धारेपुरते पोलाद जोडत. उजेडात धरली तर धारेच्या वर दोहोंच्या सांध्याची फिकट रेघ कधी कधी दिसते. तशी दिसली तर वस्तू हातघडणीची समजायला हरकत नाही.

आता जोडी मूळची आहे का ते पाहा. दोन्हींवर एकच नाव हवे, आणि म्यानाच्या कातड्यावर उमटलेला आकार दोन्हींशी जुळायला हवा. मूळ जोडी म्यानासकट असली तर सुट्या वस्तूंच्या बेरजेपेक्षा तिला जास्त मागणी असते. माझ्या ओळखीच्या एका घरी वडिलांमागे अशी जोडी निघाली. थोरल्याने चाकू घेतला, धाकट्याने कुऱ्हाड, आणि बहिणीला रिकामे म्यान दिले. पैसा कोणाच्याच हाती फारसा लागला नाही, अबोला तेवढा पदरी आला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असाही! खरं तर वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, आणि त्यात ट्रंकेतल्या वस्तूही आल्या. तेव्हा जोडी एकाकडे ठेवावी आणि बाकीच्यांना पैशांत समजून द्यावे. ती कुणाकडे राहावी हे मात्र सगळ्यांनी मिळून ठरवावे, त्यात बहिणीलाही विचारावे.

किंमत काढताना दुकानदाराने मागितलेला आकडा धरू नका. तशी वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली ते विचारा. दोन निरनिराळ्या जाणकारांना दाखवा, आणि वस्तू त्यांच्याकडे ठेवून येऊ नका.

कायद्याचंही पाहावं लागतं, बरं का. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल तर विकण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा; १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा तिथे संबंध येतो. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू परदेशातल्या लेकाला सहज नेता येत नाही. त्याला १९७२ चाच पुरावस्तू कायदा आड येतो. आणि घरगुती वा शेतीची नसलेली, नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारे शस्त्र कायद्याखाली येऊ शकतात. तसे पाते निघाले तर आधी पोलीस ठाण्यात विचारावे.

ठेवायचे ठरवलेत तर चाकू-कुऱ्हाड म्यानात घालून ठेवू नका. कातडे ओल धरते आणि आतल्या आत पाते खाते. पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्या. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटते. दांडा सैल आहे म्हणून कुऱ्हाड पाण्यात बुडवू नका. लाकूड फुगते, पण वाळल्यावर आणखी ढिले होते. दांड्याला जवसाचे तेल चोळा. आणि हो, कुलूपबंद ठेवा, घरात मुलेबाळे असतात.

शेवटचे काम पाच मिनिटांचे. ही जोडी कोणाची, त्यांनी ती कुठे, कोणत्या साली वापरली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि सोबत ठेवा. विकायची झाली तर ही चिठ्ठी भाव वाढवील. ठेवायची झाली तर नातवंडांना वस्तू कोणाची ते कळेल. भंगारवाला काय, पुढच्या आठवड्यातही येईलच.