एकाची हौस, घराचें गुपित

मुंजीची निमंत्रणपत्रिका पूर्वीं कुंकवाचें बोट लावून आप्तेष्टांकडे जात असे. हल्लीं ती फेसबुकावर जाते. हौसेला आमचा विरोध नाहीं. परंतु त्या पत्रिकेंत काय काय असतें, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. बटूचें नांव, आईबापांचीं नांवें, आजोळचें आडनांव, घराचा पत्ता, फोनचा नंबर, आणि सारें घर कोणत्या दिवशीं कार्यालयांत असणार, तो मुहूर्त! पोस्टानें शंभर घरीं गेलेली पत्रिका परिचितांच्याच हातीं पडे. चव्हाट्यावर लाविलेली पत्रिका कोण वाचील, याचा नेम नाहीं.

"माझी माहिती मी वाटेल त्यास देईन, त्यांत इतरांचा काय संबंध?" असें तरुण मंडळी विचारतात. या प्रश्नाचें उत्तर २०१८ सालीं मिळालें. एका प्रश्नावलीच्या ॲपनें फेसबुकावरून गोळा केलेली माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या हातीं गेल्याचें तेव्हां उघडकीस आलें. फेसबुकाच्याच अंदाजाप्रमाणें भारतांत तें ॲप घेणारे अवघे ३३५ होते; परंतु ॲप घेणाऱ्यांच्या स्नेह्यांसह भारतांतील सुमारें ५ लक्ष ६२ हजार लोकांची माहिती बाहेर गेली असण्याचा संभव होता. त्या स्नेह्यांनीं तें ॲप पाहिलेंहि नव्हतें. मग एका छपराखालीं राहणाऱ्यांची गोष्ट काय सांगावी? नातवानें उघडलेल्या दारांतून आजोबांच्या खोलींत डोकावतां येतें.

कायदा आपल्या पाठीशीं नाहीं, असें नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमतानें दिला. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाहि संमत झाला. परंतु मनुष्यानें आपण होऊन सर्वांस खुली केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविली आहे. तात्पर्य, पहिलें कुंपण ज्याचें त्यानेंच घातलें पाहिजे.

तें घालणें फारसें कठीण नाहीं. फेसबुकावरील मजकूर सर्वांऐवजीं केवळ मित्रांस दिसेल, अशी योजना करितां येते. जन्मतारीख व मित्रांची यादी झांकतां येते. व्हॉट्सॲपवर आपलें छायाचित्र कोणीं पाहावें व आपणांस समूहांत कोणीं घालावें, हें ठरवितां येतें. सहा अंकी पिन घालून खात्यास दुसरें कुलूप लावितां येतें. प्रवासाचीं चित्रें घरीं परतल्यावर लावावींत. पत्ता असलेली पत्रिका व मुलीचें टिपण ज्याचें त्यास निराळें धाडावें. बँकेकडून आलेला ओटीपी तर घरच्या मनुष्यासहि सांगूं नये.

या सर्वांहून महत्त्वाचा नियम एकच: ज्याचें चित्र किंवा वृत्त, त्याची अनुमति आधीं घ्यावी. रुग्णशय्येवरील आजीची, माहेरीं आलेल्या लेकीची, नव्या सुनेची, आणि समजूं लागलेल्या मुलाचीसुद्धां. आजीला फेसबुक ठाऊक नसेल. परंतु आपण कोणत्या अवस्थेंत चारचौघांस दिसावें, हें तिला पक्कें ठाऊक असतें. वडील मंडळींनीं हा नियम घरांत घालून द्यावा, आणि स्वतःहि पाळावा, अशी आमची विनंति आहे.