जिंकल्यानंतरचं व्यंगचित्र

वरळी सी-फेसला फेरी मारायला गेलात, तर चौकड्यांच्या कोटातले एक आजोबा उभे दिसतील. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. आपण त्याच्यासोबत सेल्फी काढतो आणि पुढे निघतो. पण एक गोष्ट लक्षात आलीय? सरकारं आली-गेली, याचा कोट काही बदलला नाही. नव्या सरकारकडेही तो त्याच चक्रावलेल्या नजरेनं बघत राहिला.

राज्य कोणाचंही येवो, व्यंगचित्रानं असंच बघायचं असतं. स्पेनचं उदाहरण घ्या. सप्टेंबर १८६८ मध्ये तिथे उदारमतवाद्यांनी क्रांती केली, राणी इसाबेल दुसरी फ्रान्सला पळाली. छपाईवरची बंधनं सैल झाली आणि व्यंगचित्रकारांची दिवाळीच झाली! पुढच्याच वर्षी बार्सिलोनात ‘ला फ्लाका’ हे रंगीत व्यंगचित्रांचं नियतकालिक निघालं. नावाचा अर्थ ‘हडकुळी’. ही हडकुळी बाई म्हणजे खुद्द स्पेन, सोबतीला तसाच खंगलेला सिंह. क्रांती झाली, पण देशाच्या अंगावर मांस कुठे चढलंय? क्रांतीच्या बाजूचेच चित्रकार नव्या सत्ताधाऱ्यांना चिमटे काढत होते. त्यांना ते झोंबायचं. अंक बंद पाडला, की ही मंडळी नाव बदलून पुन्हा हजर. त्यातलं एक नाव होतं ‘ला कार्काहादा’, म्हणजे सातमजली हास्य!

आपल्याकडेही हे घडलंय. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये बाळ ठाकरे ‘मावळा’ या नावानं व्यंगचित्रं काढायचे. १ मे १९६० ला राज्य मिळालं, पेढे वाटून झाले. १३ ऑगस्टला ‘मार्मिक’ सुरू झालं. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते, आणि पुढे त्याच अंकांतून राज्यकर्त्यांवर फटकारे! १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि फटकारे मारणारे ठाकरे स्वतःच इतरांच्या चित्रांचा विषय झाले. हे चक्र असंच फिरायला हवं.

ते अडतं तेव्हा काय होतं? २०१२ मध्ये याच मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. ओरड झाल्यावर ते कलम मागे घेतलं गेलं.

सरकारला नावं ठेवणं सोपं आहे. आता आपला ग्रुप उघडा. निकालाच्या दिवशी मीम्सचा पाऊस. आपला नेता हिरो, समोरचा जोकर. सहा महिन्यांनी कोणी आपल्या नेत्यावर चित्र काढलं, की लगेच ‘विकला गेलाय हा’, ‘उचला याला’.

मीही त्यातलीच. मागच्या निवडणुकीनंतर माझ्या आवडत्या नेत्यावर मीम टाकणाऱ्या वर्गमित्राला मी ग्रुपमधून काढून टाकलं होतं. ॲडमिन मीच होते ना! एवढीशी सत्ता, पण डोक्यात गेलीच.

परवा त्याला परत ॲड केलं. पठ्ठ्यानं आल्याआल्या तेच मीम पुन्हा टाकलं. खरं सांगू? या वेळी हसू आलं. मुद्दाही बरोबर होता त्याचा.

तुमच्या ग्रुपमधूनही असा कोणीतरी बाहेर काढलेला असेल. बघा जरा. त्याला परत घ्या आणि त्यानं काढलेलं चित्र तुमच्या नेत्यावरचं असलं, तरी डिलीट करायच्या आधी एकदा नीट बघा.