टाळ्या वेगाला, पाठ संगीताला

स्क्रियाबिनच्या ऑपस ८ मधला बारावा एट्यूड संपला की सभागृहात जो जल्लोष उठतो, त्याचा मला मनापासून संताप येतो. शेवटचे सूर अजून तारांवर थरथरत असतात आणि मागच्या रांगेतून आरोळी येते. मग कॉफीच्या रांगेत उभं राहून नुसते कान द्यावेत. बोटं काय पळतात! मनगटात केवढी ताकद! अमक्यापेक्षा हा जास्त जलद वाजवतो! जेमतेम अडीच मिनिटांत एका माणसाने काय काय पणाला लावलं, याबद्दल चकार शब्द नाही. ज्या रसिकाला आपल्याकडच्या मैफलीत नुसत्या तयारीच्या तानांचा कंटाळा येतो, तोच पियानोसमोर बसला की घड्याळ लावून ऐकू लागतो. इथे वेगापलीकडे काही असेल, असं त्याला वाटतच नाही.

१८९० च्या दशकापासून क्रांतीपर्यंत रशियात पियानोसाठी एट्यूडचं जे पीक आलं, तसं दुसरीकडे कुठेही आलं नाही. स्क्रियाबिन, राखमानिनॉव्ह, ल्यापुनोव्ह, प्रोकोफिएव्ह, तरुण स्ट्राव्हिन्स्की, रोस्लावेट्स. एट्यूड म्हणजे बोटांचा व्यायाम, ही समजूत शॉपाँ आणि लिस्ट यांनी आधीच मोडीत काढली होती. या रशियन मंडळींनी हाताची अडचण हाच रचनेचा विषय केला. हात जिथे अडतो, ताणला जातो, पोचत नाही, तिथेच त्यांचं सांगणं आहे. अवघडपणा बाजूला काढून त्याला टाळ्या द्यायच्या आणि उरलेल्यात 'भावना' शोधायची, अशी वाटणी या संगीतात होऊच शकत नाही. श्रोते मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ तेवढंच करत आले आहेत.

स्क्रियाबिनचा उजवा हात १८९१ मध्ये दुखावला. लिस्टची 'डॉन जुआन' फँटसी आणि बालाकिरेव्हचं 'इस्लामे' या दोन महाकठीण रचनांचा अति रियाज त्याला भोवला. वय एकोणीस, आणि हात पुन्हा पूर्वीसारखा होईल याची खात्री कुणी देईना. त्या काळात त्याने डाव्या हातावर मेहनत घेतली, एकट्या डाव्या हातासाठी ऑपस ९ चे दोन तुकडे लिहिले, आणि पहिल्या सोनाटाचा शेवट शोकयात्रेच्या कूचगीताने केला. ऑपस ८ चे बारा एट्यूड १८९४-९५ चे, म्हणजे या दुखण्यातून वर आल्यानंतरचे. आता बाराव्यातला डावा हात ऐका. तो खर्जातून उसळी मारतो, दूरवरच्या पट्टीवर पडतो, परत खाली येतो, पुन्हा झेपावतो. त्या झेपेत चुकण्याची शक्यता प्रत्येक वेळी खरी असते, आणि तिच्यामुळेच हे संगीत पेटतं. एखाद्या वादकाने ती झेप इतकी घोटून सपाट केली की धोकाच उरला नाही, तर त्याने सगळे सूर बरोबर वाजवले आणि रचना मारून टाकली. त्यालाच आपण उभं राहून मानवंदना देतो.

स्क्रियाबिनने स्वतः १९१० मध्ये हा एट्यूड वेल्टे-मिन्यों या यंत्रपियानोच्या कागदी रोलवर वाजवून ठेवला आहे. त्यातली लय सतत पुढेमागे होते, श्वास लागल्यासारखी थबकते आणि धावते. वेगाच्या भक्तांनी हा रोल ऐकावा. घड्याळाचा काटा धरून वाजवणं रचनाकाराच्या ध्यानीमनीही नव्हतं. होरोविट्झने हाच तुकडा आयुष्यभर मैफलींत वाजवला. १९६८ मध्ये अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर, आणि १९८६ मध्ये एकसष्ट वर्षांनी मायदेशी परतल्यावर मॉस्कोतही. त्याच्या वादनात धोका पूर्ण शाबूत होता, म्हणून त्याला मी दोष देणार नाही. पण त्याच्या मागून आलेल्यांनी फक्त गडगडाट उचलला आणि श्रोत्यांनी तोच मागायला सुरुवात केली.

दुसरी तऱ्हा 'हा गोंगाट आहे' म्हणून मोकळी होणाऱ्यांची. प्रोकोफिएव्हने ऑपस २ चे चार एट्यूड १९०९ मध्ये लिहिले, वयाच्या अठराव्या वर्षी. पियानोकडून गोड हुंकाराऐवजी कोरडा, ठाशीव आघात मागणारं हे संगीत. १९१३ मध्ये पाव्लोव्स्कच्या उन्हाळी मैफलीत त्याने आपला दुसरा पियानो कॉन्चेर्तो वाजवला, तेव्हा लोक उठून गेले, उरलेल्यांनी शिट्ट्या मारल्या. पाच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९१८ ला, न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये त्याचं पदार्पण झालं. तिथल्या समीक्षकांनी त्याच्या बोटांना पोलाद म्हटलं आणि संगीताला बोल्शेविक. क्रांतीला जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि हे लेखक वृत्तपत्रातल्या बातम्या पियानोत ऐकत होते. या माणसाला आघातांच्या मधोमध किती नितळ, जवळजवळ लाजरी सुरावट सुचते, हे ऐकायला त्यांचे कान मोकळेच नव्हते.

मराठी श्रोता जेव्हा हेच 'गोंगाट' म्हणतो, तेव्हा मला जास्त वाईट वाटतं, कारण त्याच्याकडे ऐकण्याची सामग्री आहे. स्ट्राव्हिन्स्कीचे ऑपस ७ चे चार एट्यूड १९०८ चे, 'फायरबर्ड'च्या आधीचे. त्यातल्या पहिल्यात पाचाच्या गटावर तीन आणि दोन असे आघात पडतात. स्क्रियाबिनच्या ऑपस ४२ च्या पहिल्या एट्यूडमध्ये एका हातात नऊ आणि त्याच वेळात दुसऱ्यात पाच. चारात पाच म्हणजे सवाई, दोनात तीन म्हणजे दीडपट, चारात सात म्हणजे पावणेदोनपट, हे ज्याने तबल्याच्या सोलोत बोटांवर मोजलं आहे, समेवर मान हलवली आहे, त्याने पियानोवरची लयकारी ऐकून 'काही कळत नाही' म्हणावं? कळत नाही हे खरं नाही. कान लावलेलाच नाही.

आणि स्क्रियाबिनचा ऑपस ६५. १९११-१२ चे तीन एट्यूड. पहिला सलग नवमांत, म्हणजे आपल्या भाषेत सा आणि वरच्या सप्तकातला रे एकदम दाबत पुढे जायचं. दुसरा सप्तमांत, सा आणि शुद्ध नी. तिसरा पंचमांत, सा-प. युरोपीय शिक्षणात सा-प च्या जोड्या एकापाठोपाठ लिहिणं ही विद्यार्थ्याची ढोबळ चूक मानली जात होती, म्हणून तिसरा एट्यूड हा त्या शिस्तीच्या तोंडावर केलेला बंडाचा घाव आहे. आपल्याला तर तानपुऱ्यामुळे सा-प जन्मापासून परिचयाचा. पण खरी गोष्ट पहिल्याची. स्क्रियाबिनचा हात लहान होता. नवमांचा हा एट्यूड तो स्वतः वाजवू शकत नव्हता. आपल्याच हाताला जे साधणार नाही ते त्याने लिहून ठेवलं, कारण त्याला ऐकू येत होतं ते हाताच्या मापात बसत नव्हतं. यापुढे मला कुणी 'स्क्रियाबिन म्हणजे हस्तकौशल्याचं प्रदर्शन' असं ऐकवू नये. जो स्वतः प्रदर्शन करूच शकत नाही, तो प्रदर्शनासाठी लिहील कशाला?

तिसऱ्या तऱ्हेचे श्रोते सर्वांत सुसंस्कृत असतात आणि माझं सर्वांत जास्त भांडण त्यांच्याशीच आहे. यांना गोष्ट लागते. राखमानिनॉव्हने १९११ मध्ये ऑपस ३३ आणि १९१६-१७ मध्ये ऑपस ३९ असे 'चित्र-एट्यूड' लिहिले. नावातच चित्र आहे. चित्र कशाचं, हे मात्र त्याने जाणूनबुजून सांगितलं नाही. ऐकणाऱ्याने आपलं आपण रंगवावं, अशी त्याची धारणा होती. १९३० मध्ये वाद्यवृंद-संचालक कुसेवित्स्कीच्या पुढाकाराने संगीतकार रेस्पिगीने पाच एट्यूड वाद्यवृंदासाठी मांडायचं ठरवलं, तेव्हा कुठे राखमानिनॉव्हने रेस्पिगीला चार शब्द लिहून कळवले: एकात समुद्र आणि समुद्रपक्षी, एकात जत्रा, एकात अंत्ययात्रा, एकात लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा, आणि शेवटी पौर्वात्य थाटाचं कूचगीत. सहकाऱ्याला कामापुरती दिलेली ही माहिती होती. झालं, तेवढ्यावर सगळ्यांची सुटका झाली. आज कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत पाहा, ऑपस ३९ चा सहावा म्हणजे लांडगा. लोक खर्जातली गुरगुर ऐकून हसऱ्या चेहऱ्याने एकमेकांकडे बघतात आणि उरलेली मिनिटं लांडग्याची वाट बघण्यात घालवतात.

हा ए मायनर एट्यूड मुळात १९११ चा. आधीच्या संचासाठी लिहिला, छापण्याआधी मागे घेतला, पाच वर्षांनी पुन्हा हातात घेऊन बदलला आणि ऑपस ३९ मध्ये घातला. लांडग्याचं नाव जगाला कळेपर्यंत एकोणीस वर्षं ही रचना लांडग्याविना जगली होती. त्यात दोन आवाजांची झुंज आहे: एक खालून सरकत येणारा आणि एक वर सैरावैरा धावणारा, आणि दोन्ही एकाच माणसाच्या दोन हातांत. आपलाच एक हात दुसऱ्याच्या मागे लागतो, ही भीती परीकथेपेक्षा फार मोठी आहे. ती ऐकायची सोडून मुलांच्या पुस्तकातलं चित्र आठवत बसायचं, याला मी रसिकता म्हणणार नाही.

ऑपस ३९ च्या नऊपैकी आठ एट्यूड मायनरमध्ये आहेत. रशियात पूर्ण केलेला हा राखमानिनॉव्हचा शेवटचा मोठा संच. डिसेंबर १९१७ मध्ये त्याने देश सोडला तो कायमचा. विद्वानांनी तरी त्याला न्याय दिला का? १९५४ मध्ये ग्रोव्हच्या प्रख्यात संगीतकोशाने राखमानिनॉव्हच्या लोकप्रियतेला फार आयुष्य नाही, असं भविष्य वर्तवलं. लोक टाळ्या वाजवतात म्हणजे संगीत उथळ असणार, हा पंडितांचा निवाडा वेगाच्या भक्तांइतकाच आळशी आहे.

मग उरतात पंथवाले. एप्रिल १९१५ मध्ये स्क्रियाबिन रक्तात जंतुसंसर्ग पसरून अचानक गेला, वय अवघं त्रेचाळीस. लहानपणापासूनचा सहाध्यायी राखमानिनॉव्ह त्याच्या स्मरणार्थ त्याच्याच रचना घेऊन मैफली करत फिरला. पेत्रोग्राडला त्याने पाचवा सोनाटा वाजवला तेव्हा स्क्रियाबिनचे भक्त खवळले. त्यांच्या गुरूच्या हातून जे हवेत तरंगत असे, ते इथे जमिनीवर पाय रोवून उभं होतं. अल्चेव्हस्की हा टेनर गायक तावातावाने राखमानिनॉव्हला जाब विचारायला निघाला, त्याला कोटाला धरून आवरावं लागलं. तरुण प्रोकोफिएव्हने आत जाऊन, तरीसुद्धा तुम्ही छान वाजवलंत, अशी मखलाशी केली आणि थंड उत्तर ऐकून परतला. मेलेल्या मित्राचं संगीत जिवंत राहावं म्हणून हिंडणाऱ्या एवढ्या मोठ्या वादकाला भक्तांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं! आजही पंथ जागे आहेत. पियानोवादक सोफ्रोनित्स्कीचे भक्त होरोविट्झचं नाव काढू देत नाहीत, होरोविट्झवाले बाकी कुणाला मोजत नाहीत. दोन वादकांनी एकाच अडचणीतून दोन वाटा काढल्या, हे ऐकण्यातलं सुख दोघांनीही गमावलं आहे.

श्रोत्याचा नकार नेहमी शिट्टीवर थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावं. निकोलाय रोस्लावेट्सने १९१४ मध्ये तीन एट्यूड लिहिले, स्वरांची स्वतःची नवी मांडणी शोधून. सोव्हिएत राजवटीत 'कामगारांना न कळणारं संगीत' हा शिक्का त्याच्यावर बसला. १९३१ मध्ये त्याला ताश्कंद गाठावं लागलं, १९४४ मध्ये तो गेला आणि नंतर कितीतरी दशकं त्याचं नाव घेणारा उरला नाही. 'कळत नाही' हे वाक्य सत्तेच्या तोंडी गेलं की काय होतं, ते इथे दिसतं. म्हणून रसिकाने ते वाक्य सहज उच्चारू नये.

संयोजकांना आणि वादकांना माझं सरळ सांगणं आहे: हे एट्यूड मैफलीच्या शेवटी वाटायचा प्रसाद नव्हेत. ल्यापुनोव्हचे बारा एट्यूड घ्या. लिस्टने आपल्या एट्यूडमध्ये ज्या पट्ट्या वापरल्या नव्हत्या त्या घेऊन, लिस्टच्या स्मृतीला वाहून, आठ वर्षं खपून त्याने हा संच १९०५ मध्ये पुरा केला. त्याची सुरुवात होते अंगाईने. अंगाईने सुरू होणारा एट्यूडसंच सबंध ऐकायला बसलेला श्रोता वेगाबद्दल बोलणारच नाही. स्क्रियाबिनचे ऑपस ८ चे बाराही एट्यूड सलग वाजवा. निदान बाराव्याच्या आधी अकरावा वाजवा, तो संथ, बी फ्लॅट मायनरमधला, ज्यात एक साधी उदास सुरावट आपल्याच साथीखाली बुडू नये म्हणून धडपडते. त्याने सभागृह गप्प होतं की नाही ते पाहा. नाही झालं तर दोन्ही एट्यूडच्या मध्ये वादकाने हात मांडीवर ठेवून बसावं आणि लोक गप्प होईपर्यंत पुढची पट्टी दाबू नये.