पिस्त्याची पौष्टिकता आणि छेदातला रुपया

दिवाळी जवळ आली की तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत कंपनीकडून सुक्या मेव्याची पेटी येते. काजू, बदाम, बेदाणे आणि पिस्ते असे तिचे चार कप्पे असतात. त्यांतला पिस्त्यांचा कप्पा एक तर पहिल्याच दिवशी रिकामा होतो, नाही तर 'परीक्षेच्या दिवसांत लागतील' म्हणून आई तो उचलून वर ठेवते. ज्यांचे वडील कंत्राटी कामगार आहेत त्यांच्या घरी बहुधा ही पेटी येत नाही. बुद्धीला खुराक लागतो आणि तो आपल्याला परवडत नाही, असे त्या घरातल्या मुलांना वाटू लागते. अकरावीला येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की, विषय माझा नसूनही त्यावर लिहायला बसलो आहे.

विषय माझा नाही म्हणालो, पण पूर्णपणे तसेही नाही. भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत तुम्ही वेग नुसता '२०' लिहिलात तर गुण मिळत नाहीत. वीस काय? मीटर की किलोमीटर? सेकंदाला की तासाला? 'कच्चा पिस्ता फार पौष्टिक असतो' हे विधानही त्याच जातीचे आहे. अंशस्थानी काय आहे ते सांगितले जाते, छेद मात्र कोणी सांगत नाही.

प्रथम पिस्त्याची बाजू नीट ऐकून घेऊ. सोललेल्या कच्च्या पिस्त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिने, ४५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि २७ ग्रॅम कर्बोदके असतात. या कर्बोदकांपैकी १० ग्रॅमहून थोडा अधिक भाग चोथ्याचा, म्हणजे तंतुमय पदार्थांचा असतो. पोटॅशियम १,०२५ मिलिग्रॅम, लोह ३.९ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२१ मिलिग्रॅम आणि जीवनसत्त्व ब-६ सुमारे १.७ मिलिग्रॅम. स्निग्ध पदार्थांपैकी बहुतेक भाग असंपृक्त, म्हणजे हृदयाच्या दृष्टीने बरा. यात खोटे काही नाही. पिस्ता हे उत्तम अन्न आहे.

आता शेजारी शेंगदाणा ठेवा. १०० ग्रॅम कच्च्या शेंगदाण्यात प्रथिने जवळजवळ २६ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ४९ ग्रॅम, कर्बोदके १६ ग्रॅम, पोटॅशियम ७०५ मिलिग्रॅम, लोह ४.६ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १६८ मिलिग्रॅम. प्रथिने, लोह आणि मॅग्नेशियम या तिन्हींत शेंगदाणा पुढे आहे. नायसिन या ब-गटातल्या जीवनसत्त्वात तर तो कितीतरी पुढे आहे: पिस्त्यात सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, शेंगदाण्यात १२. पिस्ता पुढे आहे तो पोटॅशियम, ब-६ आणि ल्युटीन या पिवळ्या रंगद्रव्याच्या बाबतीत. ल्युटीन डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी असते, आणि शेंगदाण्यात ते जवळजवळ नसतेच.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या दोघांचे काहीच नाते नाही. शेंगदाणा हा कडधान्यांच्या कुळातला. 'भुईमूग' हे नाव ज्याने ठेवले त्याला हे कळत होते. पिस्ता हा आंब्याच्या कुळातला. काजू, बिब्बा आणि बासुंदीत पिस्त्याच्या सोबत पडणारी आपली चारोळी हीही त्याच कुळातली भावंडे. मात्र पिस्त्याच्या झाडाला कडक हिवाळा आणि कोरडा, तापणारा उन्हाळा लागतो, त्यामुळे आपल्याकडे ते पीक होत नाही. बाजारातला पिस्ता इराण, अफगाणिस्तान आणि अमेरिका या देशांतून येतो. अमेरिकेतही तो पाहुणाच. १९२९ साली तिथल्या कृषी खात्याने विल्यम व्हाइटहाउस या शास्त्रज्ञाला बियाणे गोळा करायला इराणात धाडले. त्याने आणलेल्या बियांपासून 'कर्मान' ही जात निवडली गेली आणि कॅलिफोर्नियात विक्रीजोगे पहिले पीक हाती आले ते १९७६ साली. एवढ्या लांबून येणारा माल महाग असणारच. पण त्या महागाईचा आतल्या प्रथिनांशी संबंध नाही. किंमत हवामानाची, वाहतुकीची आणि सणासुदीच्या मानाची आहे.

वरच्या आकड्यांवरून एक छोटे गणित करून पाहा. एक ग्रॅम प्रथिनांचे ४, स्निग्ध पदार्थांचे ९ आणि कर्बोदकांचे ४ किलोकॅलरी हा नियम तुम्हाला पाठ असेल. तो लावला तर पिस्त्याचे उत्तर ५९३च्या आसपास येते. अमेरिकन कोष्टकात मात्र १०० ग्रॅमला ५६० छापलेले असते. मग छापणाऱ्याची चूक झाली का? नाही. ४-९-४ हा नियम ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिश्र आहारासाठी काढलेली गोळाबेरीज आहे. कवचाच्या फळांसाठी वेगळे गुणक वापरतात: ३.४७, ८.३७ आणि ४.०७. ते लावून पाहा, ५६०च्या जवळपास येते. पण हेही शेवटचे उत्तर नव्हे. पोलादी भांड्यात प्राणवायू भरून पिस्ता जाळला तर त्यातली सगळी उष्णता मोजता येते. शरीर मात्र तसे जाळत नाही. दाताखाली न फुटलेल्या पेशींमधले तेल पेशीभित्तीच्या आत अडकते आणि तसेच बाहेर पडते. अमेरिकन कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी स्वयंसेवकांना पिस्ते खाऊ घालून, त्यांचे मलमूत्रसुद्धा गोळा करून हिशेब मांडला. पिस्त्यापासून शरीराला मिळणारी ऊर्जा कोष्टकातल्या ऊर्जेपेक्षा सुमारे ५ टक्के कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. पाकिटावरचा आकडा हा असा असतो: खोटा नव्हे, पण देववाणीही नव्हे.

आता 'कच्चा' या शब्दाकडे वळू. हल्ली 'कच्चे म्हणजे नैसर्गिक आणि नैसर्गिक म्हणजे पौष्टिक' अशी एक समजूत बोकाळली आहे. कोष्टक पाहिले तर भाजलेल्या पिस्त्याची बाजूच वरचढ दिसते: ५७२ किलोकॅलरी आणि २१ ग्रॅम प्रथिने. भाजताना प्रथिने कुठून आली? कुठूनच नाही. कच्च्या पिस्त्यात ४ टक्क्यांहून थोडे अधिक पाणी असते, भाजल्यावर ते २ टक्क्यांच्या खाली येते. पाणी गेले, म्हणून तेवढ्याच १०० ग्रॅममध्ये बाकीचे थोडे अधिक मावले. पुन्हा छेदाचाच खेळ. भाजण्याने काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, पण खरा फरक पडतो तो मिठाने. कच्च्या पिस्त्याच्या १०० ग्रॅममध्ये सोडियम जेमतेम १ मिलिग्रॅम असते. खाऱ्या पिस्त्यात ते ४०० मिलिग्रॅमच्या घरात जाते. दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून २,००० मिलिग्रॅमच्या वर सोडियम जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शेंगदाण्याच्या बाबतीत तर कच्चेपणा हा गुण नव्हेच. कडधान्यांमध्ये ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये असतात. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर आहे. ते अडले की पोटात गेलेली प्रथिने पुरती कामी येत नाहीत. उष्णतेने ही द्रव्ये बरीचशी निकामी होतात. भारतीय खाद्यपदार्थांतल्या या अडवणाऱ्या द्रव्यांवर १९५०च्या दशकात मुंबईच्या विज्ञान संस्थेत डॉ. कमला सोहोनी यांनी संशोधन केले. केंब्रिजहून १९३९ साली पीएच. डी. मिळवलेल्या या विदुषीला त्यापूर्वी बंगळूरच्या संस्थेत 'मुलगी' म्हणून आधी नकार मिळाला होता, आणि नकार देणारे होते साक्षात सर चंद्रशेखर वेंकट रामन. आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांना ही आठवण फारशी सुखाची नाही. बाई हटल्या नाहीत, अटी मान्य करून आत शिरल्या आणि पुढे डाळी, दूध, नीरा अशा गरिबाच्या ताटातल्या आणि पेल्यातल्या पदार्थांचा अभ्यास त्यांनी केला. शाळेबाहेरच्या गाडीवर वाळूत भाजलेले दाणे किंवा घरी मीठ घालून उकडलेल्या शेंगा खाताना तुम्ही नकळत त्याच शास्त्राचे पालन करत असता.

शेंगदाण्याचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. ग्रॅमला ग्रॅम तोलली तर पिस्त्याची प्रथिने अधिक चांगल्या प्रतीची आहेत. पण लायसिन डाळीत आणि हरभऱ्यात भरपूर असते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे पीठ एक भाग असे 'बहुउद्देशीय अन्न' तयार केले होते ते हाच मेळ साधण्यासाठी. तुमच्या डब्यात शेंगदाण्याच्या चटणीशेजारी मटकीची उसळ असेल तर तो मेळ आपोआप साधतो.

दुसरा दोष बुरशीचा, आणि तो गंभीर आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. तिच्यावर वाढलेल्या बुरशीच्या विषाचा, म्हणजे अफ्लाटॉक्सिनचा, शोध त्यातूनच लागला. ही बुरशी पिस्त्यावरही येते. मावळातल्या आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत उघडी राहिलेली कुठलीच तेलबी सुरक्षित नाही. काळवंडलेला, सुरकुतलेला, कडवट लागणारा दाणा, मग तो कितीही महागाचा असो, थुंकून टाका. (ज्यांना दाण्यांची किंवा कवचाच्या फळांची ॲलर्जी आहे त्यांना तर हे दोन्ही वर्ज्य, तिथे गणित चालत नाही.)

आता छेदात रुपया घालू. आपल्या गावाला हे एकक शोभते. माणशी वर्षाला एक पैसा, अशा हिशेबाने अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड जमवला आणि त्यातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना उभा राहिला. मी भाव छापत नाही, कारण अंक तुमच्या हाती पडेपर्यंत तो बदललेला असेल. किराणा दुकानात तुम्हीच विचारा. पिस्ते कवचासकट असतील तर वजनातला साधारण निम्मा भाग कवचाचा, हे विसरू नका. सोललेला पिस्ता शेंगदाण्याच्या दसपट किंवा त्याहूनही महाग पडतो, असे तुम्हाला आढळेल. दसपटच धरू. मग एका रुपयात शेंगदाणा पिस्त्याच्या सुमारे १३ पट प्रथिने देतो आणि जवळजवळ १२ पट लोह. ज्या ब-६ मध्ये पिस्ता जवळजवळ पाचपट पुढे होता, तिथेही रुपयामागे शेंगदाणा दुप्पट भरतो! उरते ते ल्युटीन. पण पालकात वजनाला वजन पिस्त्याच्या चौपट ल्युटीन असते, आणि पालकाची जुडी दिवाळीच्या पेटीत येत नाही म्हणून तिचा मान कमी होत नाही.

या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट मिठाईच्या दुकानात सापडते. शेंगदाण्याला हिरवा रंग देऊन त्याचे काप पिस्त्याचे म्हणून विकण्याचे प्रकार नागपुरात उघडकीस आले आहेत. फसवणूक ती फसवणूकच, आणि तो रंग कोणता होता कोण जाणे. पण पाहा, गिऱ्हाइकाने दसपट पैसे मोजले ते केवळ हिरव्या रंगासाठी. हा खोटेपणा तुम्हाला घरीही पकडता येतो. खऱ्या पिस्त्याचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. खाण्याचे बहुतेक कृत्रिम रंग पाण्यात सहज विरघळतात. काप कोमट पाण्यात टाकून थोडा वेळ थांबा. पाणी हिरवेगार झाले तर काय समजायचे ते तुम्हाला कळेलच.

शिक्षकांसाठी एक वेगळा मुद्दा. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शेकडा ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह हवे, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची शिफारस आहे. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम पिस्त्यातून मिळते १.२ मिलिग्रॅम. तेवढ्याच शेंगदाण्यातून १.४. म्हणजे या लढाईत पिस्ता तर नाहीच, पण एकटा शेंगदाणाही पुरा पडणारा नाही. तीळ कामाला येतो, त्यात १०० ग्रॅमला १४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. बाजरी येते, पालेभाजी येते, आणि या सगळ्यांतले लोह अंगी लागावे म्हणून वर पिळलेले लिंबू येते. जेवणाबरोबरचा चहा मात्र ते लोह अडवतो. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बाकाखाली टाकून देणाऱ्या मुली 'बुद्धीसाठी' चार पिस्ते आवडीने खातात, हे मला सर्वांत जास्त खटकते.

पेटी घरी आलेलीच असेल तर पिस्ते खुशाल खा. बिनखारे असतील तर उत्तमच. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, आणि पावसाळा येण्याआधी संपवा.