लोकांचा कारागीर, विश्वाचा कर्ता

आज माघ शुद्ध त्रयोदशी, विश्वकर्मा जयंती. सुतार, लोहार, सोनार, तांबट आज आपापली हत्यारे धुऊनपुसून पाटावर मांडतील आणि त्यांवर गंधाक्षता वाहतील. हत्यार धरणाऱ्या हातांत सृष्टिकर्त्याचे रूप पाहण्याची ही दृष्टी केवळ आपलीच, असे कोणास वाटत असेल तर ते बरोबर नाही. प्राचीन ग्रीकांनीही विश्वाच्या कर्त्याला कारागिराचेच नाव दिले होते. त्या नावाची पुढे जी परवड झाली, ती आजच्या दिवशी वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

शब्द आहे 'देमिउर्गोस'. 'देमोस' म्हणजे लोक, 'एर्गोन' म्हणजे काम. होमरच्या 'ओडिसी'च्या सतराव्या सर्गात डुकरे राखणारा यूमायस विचारतो की, परक्या माणसाला आपण होऊन घरी कोण बोलावतो? बोलावतात ते लोकांच्या कामी येणाऱ्यांना. मग तो चौघांचा उल्लेख करतो : भविष्य सांगणारा, व्याधी बरी करणारा, लाकूडकाम करणारा आणि गाणारा कवी. जोशी आणि सुतार असे एका पंगतीस बसलेले पाहून मराठी वाचकास बलुतेदारांची आठवण व्हावी. साम्य आहे, पण अर्धेच. आपला बलुतेदार वतनाने गावाशी बांधलेला. होमरचा कारागीर बाहेरून बोलावून आणलेला, आणि म्हणूनच सर्वत्र स्वागतास पात्र. एलिस, मांटिनिया यांसारख्या नगरराज्यांत तर पुढे अधिकाऱ्यांनाच ही संज्ञा होती. लोकांचे काम करणारा तो अधिकारी, हा अर्थ आजच्या अधिकाऱ्यांनीही ऐकून ठेवण्यासारखा आहे!

इ. स. पूर्व चौथ्या शतकात प्लेटोने हा शब्द उचलून आकाशात नेला. त्याच्या 'तिमाएउस' या संवादातील देमिउर्गोस शून्यातून काही निर्माण करीत नाही. द्रव्य आधीच आहे, पण अस्ताव्यस्त. शाश्वत नमुन्याकडे दृष्टी ठेवून तो त्या द्रव्याला आकार देतो. तो चांगला आहे, त्याला मत्सर ठाऊक नाही. म्हणून सर्व काही शक्य तितके आपल्यासारखे व्हावे, अशी त्याची इच्छा. 'शक्य तितके' हे शब्द महत्त्वाचे. द्रव्याला स्वतःचा हट्ट असतो आणि बुद्धीला त्याची समजूत घालावी लागते. लाकडात गाठ आली म्हणजे रंधा तिच्या कलाने चालवावा लागतो, हे कोणताही सुतार सांगेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विश्वकर्मसूक्तातही प्रश्न आहे तो हाच, की द्यावापृथिवी ज्यातून तासून काढल्या ते लाकूड कोणते? आणि ॲरिस्टॉटलने द्रव्यासाठी जो 'हुले' शब्द रूढ केला, त्याचा मूळ अर्थही लाकूडच.

पण याच प्लेटोने उतारवयात लिहिलेल्या 'नोमोई', म्हणजे 'कायदे', या ग्रंथात असा नियम घातला की, आदर्श नगराच्या नागरिकाने कोणतीही हातकारागिरी करू नये. ती परक्या रहिवाशांकडे सोपवावी. ज्या नावाने देव ओळखला, त्या नावाचा धंदा नागरिकाला निषिद्ध! ॲरिस्टॉटलचेही मत असे की, उत्तम राज्य कारागिराला नागरिकत्व देणार नाही. प्लेटोच्या प्रतिभेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण हा न्याय आम्हांस पटत नाही. आपल्याकडे विश्वकर्म्याची पूजा आणि हातकाम करणाऱ्याची उतरंडीतली खालची पायरी एकत्र नांदली, हे स्मरूनच आम्ही हे लिहीत आहोत.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नॉस्टिक पंथीयांनी तर या कर्त्याला अज्ञानी, कोठे दुष्टही ठरविले. जग दुःखमय आहे, तर ते घडविणारा थोर कसा असेल, असा त्यांचा युक्तिवाद. तिसऱ्या शतकात प्लोटायनसने त्यांच्याविरुद्ध एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. घडलेल्या वस्तूत उणीव दिसली म्हणून घडविणाऱ्याला दुष्ट म्हणू नये, ही त्याची बाजू. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात हा शब्द ईश्वरासाठी आला आहे, तो मात्र संपूर्ण नव्या करारात एकदाच.

आजच्या ग्रीक भाषेत 'दिमिउर्गोस' जिवंत आहे. निर्मात्याला, कलावंताला आणि ईश्वरालाही तेथे हेच म्हणतात. सुताराला मात्र म्हणतात 'मारांगोस'. आणि हा शब्द ग्रीकही नव्हे, तो व्हेनिसच्या बोलीतून आलेला आहे.