भीती जुन्या सुईची

‘गोळ्या वाढवा डॉक्टर, पण सुई नको.’ इन्सुलिनचे नाव काढले की अनेक मधुमेही हेच म्हणतात आणि उपचार लांबणीवर टाकतात. मनात बसलेली ती सुई मात्र जुनी आहे. काचेची सिरिंज आणि जाड सुई उकळून पुन:पुन्हा वापरली जाई. बोथट झाली की दगडावर घासली जाई. आज इन्सुलिन पेनला ४ मिलिमीटर लांबीची सुई मिळते. तिची जाडी पाव मिलिमीटरहूनही कमी असते. आपली त्वचा साधारण २ ते २.५ मिलिमीटर जाड. म्हणजे सुई त्वचेखालच्या चरबीत पोहोचते, स्नायूत सहसा जात नाही. वर सिलिकॉनचा पातळ थर असल्याने ती अलगद शिरते.

पण हे सुख एकाच वापरापुरते. पैसे वाचवायला तीच सुई आठवडाभर वापरली, की थर झिजतो, टोक वाकते आणि टोचणे दुखू लागते. त्यात जागाही बदलली नाही, तर चरबीच्या गाठी होतात. गाठीवर टोचलेले कमी दुखते, म्हणून रुग्ण तिथेच टोचतो. इन्सुलिन मात्र नीट शोषले जात नाही आणि साखर वरखाली होत राहते.

दोष रुग्णाच्या काटकसरीला देऊन भागणार नाही. सुई हाही औषधाचाच भाग आहे. डॉक्टरांनी ती चिठ्ठीत लिहावी, टोचायला शिकवावे. आणि जिथे इन्सुलिन मोफत मिळते, तिथे पुरेशा सुयाही मिळाव्यात.