घाट अडला, वाट अडली



रस्ता म्हणजे नुसती खडी आणि डांबर नव्हे. रस्ता कुणाच्या दारावरून नेला आणि कुणाच्या दारापाशी अडवून ठेवला, एवढे पाहिले तरी राज्य कुणाची कदर करते ते कळते. म्हणून आज आम्ही भाषणबाजी बाजूला ठेवून एका रस्त्याचीच हकीकत सांगणार आहोत. हा रस्ता आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या कुशीतून जातो. सरकारी दप्तरात त्याचा नंबर ५२. जुने ड्रायव्हर अजून त्याला दोनशे अकराच म्हणतात.

पंजाबात संगरूरला हा निघतो आणि हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश तुडवीत सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटाने खाली उतरतो. पळासनेरपाशी आपल्या मुलखात शिरतो. सावळद्याला तापी, मग धुळे, मेहुणबाऱ्याला गिरणा, मग चाळीसगाव. तिथून घाट चढून कन्नड, वेरूळ, दौलताबाद, आणि आपले शहर. शहर सोडले की आडूळ, पाचोड, शहागडला गोदामाईवरचा पूल, गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर. पुढे टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक. विजयपूर, हुबळी, आणि अरबैल घाट उतरून अंकोल्याला समुद्र. सहा राज्ये आणि सुमारे तेवीसशे किलोमीटर. त्यातला धुळे ते सोलापूर हा साडेचारशेच्या आसपासचा तुकडा म्हणजे जुना २११ नंबर. २०१० साली दिल्लीने साऱ्या हमरस्त्यांचे नंबर बदलले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे दिले, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. त्या मांडणीत कित्येक जुन्या रस्त्यांचे तुकडे जोडून हा ५२ झाला. नंबर सरळ झाला. वाट सरळ झाली का, त्याचा विचार पुढे करू.

कुणी म्हणेल, मराठवाड्याला रस्ते अलीकडे मिळाले. खोटे आहे! ही वाट दोन हजार वर्षांची आहे. कन्नडच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. खानदेशातून दख्खनवर चढणाऱ्या व्यापारी वाटेच्या बगलेलाच ती खोदलेली. तिथे दान देणाऱ्यांत पैठणच्या अत्तरवाल्या घराण्यातला माणूस आहे. आणि तिथल्या एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे : कान्हदास, धंदा सोनाराचा. ज्या राजाच्या अमलात ती घडली त्याचे नाव कितीजण सांगतील? कारागिराचे नाव मात्र दगडावर राहिले. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन ठेवली आहे. तिकडे गेलात तर जरूर पाहून या.

आणखी ऐका. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवले आहे की भडोच बंदरापासून वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. तिथून साधे कापड आणि मलमल गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला जायची. म्हणजे सूत कातणाऱ्याचा आणि कापड विणणाऱ्याचा या वाटेशी संबंध तेव्हापासूनचा. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेला आणली तेव्हा दिल्लीपासूनची वाट चाळीस दिवसांची होती, आणि दुतर्फा झाडे होती, असे इब्न बतूता सांगतो. चौपदरी करताना आमच्याकडची किती वडाची-लिंबाची झाडे आडवी झाली ते ज्याने त्याने आपल्या गावापुरते आठवावे.

मग ही जुनी वाट मोडली कशी? इथे नीट लक्ष द्या, कारण भाषेच्या राज्याचा सवाल इथेच येतो.

चाळीसगाव इंग्रजाच्या मुंबई इलाख्यात, घाटमाथ्यावरचे कन्नड निजामाच्या हैदराबादेत. तिकडे तुळजापूर निजामाचे, आणि तिथून हाकेवरचे सोलापूर इंग्रजाचे. एकाच मराठी मुलखातल्या एकाच वाटेला दोन्ही टोकांना हद्दीचे खिळे ठोकलेले! हद्दीवर करोडगिरीचा नाका. नाण्यातसुद्धा भेद, इकडे हाली शिक्का, तिकडे कंपनी रुपया. घाटाखाली लेक दिलेल्या बापाला लेकीच्या घरी जायचे तर दुसऱ्या राज्यात जावे लागे. १९०० च्या सुमारास निजामाने मनमाडपासून हैदराबादपर्यंत आगगाडी टाकली, ती आपल्या राजधानीकडे तोंड करून. धुळ्याचा माणूस सोलापूरला सरळ पोचावा अशी गरज ना निजामाला होती ना इंग्रजाला. त्याचा परिणाम असा की संभाजीनगर ते सोलापूर सरळ आगगाडी अजूनही नाही. मनमाड-दौंडचा किंवा परभणी-लातूर रोडचा वळसा घ्या, नाही तर एस.टी.त बसा.

घाटाचे नाव तरी कुणाचे? औट्रम घाट. जेम्स आउट्रम नावाचा इंग्रज अधिकारी, ज्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. ज्यांनी हे डोंगर राखले त्यांनाच हाताशी धरून डोंगर ताब्यात ठेवायला. भिल्लांचे नाव घाटाला लागले नाही. १९८६ साली भोवतालचे जंगल अभयारण्य झाले, तेही गौताळा औट्रमघाट या नावानेच. शहरांची नावे बदलली, घाटाचे तेवढे राहून गेले!

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने हिंदी फौजा आत शिरल्या, इकडे औरंगाबादेवरही तुकड्या चालून आल्या, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य फुटले. औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, परभणी, नांदेड हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. शंभरावर हुतात्मे मुंबईच्या आणि इतर गावच्या रस्त्यांवर पडले, त्यात कामगार किती होते ते आम्ही सांगायला नको. त्या दिवशी धुळे आणि सोलापूर यांच्यामधली वाट पहिल्यांदा एका मराठी राज्याची झाली. नाके उठले, आडवे लाकूड गेले.

पण नाका उठला म्हणून रस्ता आपोआप होत नसतो. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला विकासाची हमी दिली होती. तीस वर्षांनी, १९८३ साली, अनुशेष मोजायला दांडेकर समिती नेमावी लागली, आणि १९८४ च्या तिच्या अहवालात रस्त्यांचाही अनुशेष निघाला. हमी दिली त्यांनीच तूट मोजली. मोजून झाली, तरी भरायला आणखी पिढी गेली. सोलापूर ते येडशी सुमारे शंभर आणि येडशी ते औरंगाबाद १८९ किलोमीटर चौपदरी झाले ते अगदी अलीकडे, २०१० नंतरच्या दशकात. रस्ता चांगला झाला, नाकारायचे कारण नाही. बीडची म्हातारी माणसं दवाखान्याला लवकर पोचतात, हे आमच्या डोळ्यांपुढचे आहे. मात्र त्याबरोबर तामलवाडी, येडशी, पारगाव, पाडळशिंगी असे टोलनाके उभे राहिले. करोडगिरी गेली आणि टोल आला, असे गाडीवाले हसून म्हणतात. त्या हसण्यात खिशाचे दुखणे आहे.

आणि या रस्त्याने जातो कोण? दसरा झाला की बीड, धाराशिवच्या गावांतून ऊसतोड मजूर निघतात. ट्रक-ट्रॅक्टरवर संसार, वर कोपीचे बांबू, त्यावर लेकरे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजायचा, उचल आधीच घेऊन खर्ची पडलेली. कुणी पश्चिमेच्या कारखान्यांवर, कुणी भीमा ओलांडून कर्नाटकात. आम्ही सूतगिरणीत आठ तास उभे असतो. आमच्या साच्यावर येणारा कापूस गेवराई-माजलगावचा असो की खानदेशचा, या ना त्या तुकड्यावरून हाच रस्ता तुडवून येतो. कर्नाटकातल्या ऊसवाल्याशी, विजयपूरच्या हमालाशी, सोलापूरच्या तेलुगू विणकराशी आमचे भांडण नाही. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला आहे, तो तिथे लढावा. टाकळीच्या पुलावर मात्र मजुराला त्याची भाषा विचारून अडवू नये, इकडच्यांनीही नको आणि तिकडच्यांनीही नको.

आता मुख्य मुद्दा, घाट. ३१ ऑगस्ट २०२१ ला मुसळधार पावसात कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, गाड्या चिखलात अडकल्या, खाली चाळीसगावात पूर आला. २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने घाटात जड वाहनांना बंदी घातली. बंदी चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. रोज रात्र-रात्र ट्रक अडकत होते, आजारी माणूस मध्ये सापडला तर त्याला वाली नव्हता. पण बंदी हे काही रस्त्याचे औषध नव्हे. ट्रक नांदगावच्या वाटेने वळसा घालू लागले, डिझेल वाढले, आणि ते डिझेल शेवटी कन्नडच्या अद्रक-मक्याच्या भावातून वळते झाले. व्यापारी स्वतःच्या खिशातून देतो काय?

बोगद्याचे आराखडे झाले. खर्चाचा बाऊ झाला, कागद मागे पडले, पुन्हा हलले. इकडे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा आणि २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा, असा पुरा झाला. तोही आमच्याच शहराच्या अंगावरून जातो. त्यावर मोटारसायकलीला मज्जाव. त्यात इगतपुरीपाशी आठ किलोमीटरच्या घरातला जोडबोगदा खोदला गेला, सह्याद्रीच्या काळ्या दगडातून. मग सातमाळ्याच्या डोंगराचा दगड निराळा आहे काय? मुंबईकडे जाणाऱ्या वाटेला पैसा सापडतो. धुळे-सोलापूर जोडणाऱ्या वाटेला पैसा का सापडत नाही, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

आमचे म्हणणे मोजके आहे. कन्नड घाटाच्या बोगद्याला मंजुरी, पैसा आणि मुदत, तिन्ही एकाच कागदावर जाहीर करा. जंगल खात्याचा अडसर असेल तर तो लपवू नका. अभयारण्य आम्हालाही हवे आहे, आणि डोंगराखालून गेलेला रस्ता जंगलालाही बरा. तोवर घाटातल्या दरडींना जाळ्या मारा, गटारे मोकळी करा, पावसाळ्यात दोन्ही तोंडांना चोवीस तास क्रेन आणि रुग्णवाहिका ठेवा. शहागड ते येडशी दरम्यान ऊसतोड मजुरांच्या गाड्या थांबतील अशा जागा करा. तिथे पाणी, दिवा आणि बायांसाठी संडास हवा. सोलापूर-संभाजीनगर सरळ रेल्वेची मागणी आमच्या बापांनीही केली होती, ती आम्हीही करतो आहोत.

पुढच्या निवडणुकीला जो कुणी मते मागायला येईल, त्याला चाळीसगावच्या बाजूने यायला सांगा. एस.टी.ने, आणि पावसाळ्यात.